कुळाच्या मौनावर उभी राहिलेली मालकी

कूळकायद्याचे काम केव्हाच संपले, आता त्याच्या नावाने मोर्चे काढणे ही निव्वळ जुन्या आठवणींची पूजा आहे, असे मत हल्ली जमिनीचे दलालच नव्हे, तर आपल्या विचारांशी जवळीक सांगणारे काही अर्थशास्त्रज्ञही मांडू लागले आहेत. त्यांना दोष देण्यापूर्वी मी स्वतःची कबुली देतो. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम मीही वर्षानुवर्षे वर्गात 'पार पडलेल्या सुधारणां'मध्ये मोजत आलो. कागद वाचले होते. कलम ३२-फ मात्र वाचले नव्हते.

या कायद्यातील खरी क्रांती कोणती? १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे मानीव खरेदीदार ठरले. त्याने अर्ज करावयाचा नव्हता, मालकाची विनवणी करावयाची नव्हती. शेतजमीन न्यायाधिकरणाने स्वतः गावात जाहीर नोटीस लावावी, कुळाला नोटीस द्यावी, किंमत ठरवावी, असा तो क्रम होता. आणि सर्वसाधारण कुळाची किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या मर्यादेत बांधलेली होती. शासनाने कुळाच्या दारी जावे, हे तत्त्व सरकारने औदार्याने दिलेले नव्हते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमिनी ओस ठेवून खोतांशी झुंज दिली, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्या संघर्षाचे ते फळ होते. (विदर्भ व मराठवाड्याचे कायदे निराळे, येथे विचार कोकण व पश्चिम महाराष्ट्राचा आहे.)

परंतु जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा शारीरिक वा मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल, तर खरेदी लांबणीवर पडे. या संरक्षणाविषयी माझी तक्रार नाही. अनेक विधवांच्या संसाराला खंडाचाच काय तो आधार होता. तक्रार आहे ती पुढच्या पायरीविषयी. विधवा वारल्यानंतर एक वर्ष तिच्या वारसांना कूळ काढण्यासाठी, आणि ते संपल्यावर एक वर्ष कुळाला खरेदीचा हक्क बजावण्यासाठी. कुळाने त्या मुदतीत मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवलेच पाहिजे. न कळवल्यास हक्क गेला! येथे तत्त्व उलटे झाले. कृषक दिनी शासन कुळाकडे जाणार होते. ३२-फ मध्ये कुळानेच शासनाला शोधत जावयाचे.

आता हे व्यवहारात पाहा. मालकीण मुंबईत, चाळीतल्या एखाद्या खोलीत वारली. कूळ रत्नागिरीच्या डोंगरात. वारसांपैकी कोणी गावी आले नाही, की पत्र धाडले नाही. कुळाने पूर्वीप्रमाणेच नांगर धरला, खंड घालीत राहिले. त्याला ठाऊकही नसताना त्याची मुदत सुरू झाली आणि सरलीही. १९६९ साली दुरुस्ती झाली, ती अशी की अज्ञान मालकाने आपण सज्ञान झाल्याचे कुळाला कळवावे. विधवेच्या वारसांवर मात्र तसे बंधन शब्दांत घातले गेले नाही. ही विधिमंडळाची विसर होती की सोय, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून यातील हिशेब मला अधिक बोचतो. कायद्याची किंमत आकाराच्या पटीत गोठलेली; बाजाराची किंमत महामार्ग, रेल्वे आणि शहरी माणसांच्या बंगल्यांमुळे चढत गेलेली. या दोन किमतींमधील सगळी तफावत कूळ गप्प राहिले तर वारसांना मिळते. मग त्याला कळवील कोण? वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 'स्वेच्छेने' सोडलेल्या जमिनींमागील स्वेच्छेविषयीच शंका घेतली होती. तेव्हा कुळाचा अंगठा लागत असे. ३२-फ खाली अंगठ्याचीही गरज उरली नाही.

१८ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने वसंत गणपत पडवे विरुद्ध अनंत महादेव सावंत या प्रकरणात, विधवेचा हितसंबंध संपल्याचे वारसांनी कुळाला कळवणे बंधनकारक आहे, असा निर्णय दिला आणि आपलेच १९९९ व २००६ चे विरुद्ध निर्णय रद्द ठरविले. मूळ कायद्यानंतर सात दशकांनी! दरम्यान जी कुळे हरली, ज्यांनी वकिलाच्या फीपायी बैल विकून दावाच सोडून दिला, त्यांची मोजदाद कोण करणार? आणि निर्णय दिल्लीत लागला म्हणून तो वाडीवर आपोआप पोहोचत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. मालकाचे अपंगत्व वा हितसंबंध संपताच खरेदी आपोआप अमलात यावी, कुळाच्या सूचनेची अट कायद्यातून काढून टाकावी, आणि न्यायाधिकरणाने अशी प्रकरणे स्वतः हाती घ्यावीत. मात्र विधिमंडळ हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबू नये. आपल्या गावचे सातबारे काढा. कूळ आणि इतर अधिकारांच्या रकान्यात अजून कोणाचे नाव उभे आहे ते पाहा. मग १९५७ च्या सुमाराचे फेरफार उघडून त्या दिवशी मालक कोण होता, विधवा होती की अज्ञान, याची नोंद शोधा. ती मालकीण केव्हा वारली आणि कुळाला कोणी कळवले का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या. ही माणसे झपाट्याने कमी होत आहेत.