त्रिकोण उलटा कसा होतो?

पुराणातली वैतरणी पार करायला गाईचं शेपूट धरावं लागतं म्हणतात. आमच्या वैतरणा स्टेशनाजवळच्या पोरांना चौथीच्या आत भूमिती पार करायची असते, आणि त्यांच्या हाती देण्यात येते कंपासपेटी. त्यापेक्षा शेपूट बरं. ते निदान हलतं तरी.

कंपासपेटीशी माझं वैर नाही. कर्कटक तर फारच उपयोगी. बाकावरची नावं त्यानेच कोरतात. माझं भांडण आहे ते पहिल्या दिवसाशी. फळ्यावर खडूचा ठिपका देऊन "हा बिंदू, याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही" असं सांगणारे गुरुजी अजून आहेत. म्हणजे सात वर्षांच्या जिवाला नसलेल्या वस्तूची ओळख करून द्यायची, आणि वर विचारायचं, "लक्ष कुठाय तुझं?"

इथल्याच एका शाळेत (नाव सांगत नाही, मला याच गावात राहायचंय) जवळच्या पाड्यावरच्या एका मुलीने टोक खाली असलेला त्रिकोण काढला. बाईंनी फुली मारून शेरा दिला, 'उलटा'. आता मला सांगा, त्रिकोण उलटा कसा होतो? छत्री उलटी होते, आमच्याकडे पावसाळ्यात रोज होते. पण त्रिकोण कसाही फिरवा, बाजू तीनच राहणार!

बरं, ती पोर वारल्यांची. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, खालचा बसलेला, वरचा टोकावर उभा. लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तोही पट्टीशिवाय. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या त्रिकोणांवर कुणी फुली मारल्याचं ऐकिवात नाही. ही पोर मात्र शाळेत येते आणि तिला कळतं, की आपल्या आईला त्रिकोण येत नाही.

हॉलंडात दिना आणि पियर फान हीले नावाचं शिक्षक जोडपं होतं. त्यांनी १९५७ सालीच सांगून ठेवलंय, की मूल आकार आधी नुसत्या दिसण्यावरून ओळखतं. गुणधर्म मग, व्याख्या त्याच्याही नंतर. म्हणून तर चौरस टोकावर उभा केला की पोरं ओरडतात, "शंकरपाळी!" हसू नका. तुम्ही चौरस कायम पाटासारखा मांडलेलाच दाखवलात, तर ती तरी काय करणार? त्यांना खरी शंकरपाळी द्या. बाजू चारी सारख्या, पण पोस्टकार्डाचा कोपरा लावला तर बसत नाही. चौरस वडीला बसतो, ती कशीही फिरवा. मग दोन्ही खाऊन टाका. (शाळेत हे बिल मंजूर होणार नाही, ते वेगळं.)

आमचा गवंडी पाया आखताना समोरासमोरच्या बाजू सारख्या घेतो, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून दोरी लावतो. दोरी सारखी भरली की घर गुण्यात. व्याख्या विचारा, तो तुम्हालाच ओळंबा धरायला लावील.

फान हीले लिहीत होते त्याच सुमारास, आमच्याच जिल्ह्यात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पानं, बिया, शिंपले घेऊन मुलांना शिकवत होत्या. पोरं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली. आपण अंगणातलं पोर शाळेत आणतो आणि अंगण बाहेर ठेवायला सांगतो.

तेव्हा चौथीपर्यंत कंपासपेटी कपाटात ठेवा, दोरी आणि खुंटी बाहेर काढा. आणि त्या पोरीचा कापलेला मार्क आधी परत द्या.