लेखनाची ओढ

‘लेखक होण्यासाठी काय करावे?’ असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्ही प्राध्यापक मंडळी वाचनाची यादी पुढे करतो. खरे तर आधी बेबीताई कांबळे यांच्याविषयी सांगावयास हवे. फलटणला किराणा दुकान चालवताना पुड्या बांधण्याची रद्दी त्या वाचीत; स्वतःचे लेखन मात्र पतीपासून कित्येक वर्षे लपवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले ते १९८६ मध्ये. प्रकाशक, पुरस्कार, वाचक यांपैकी काहीही समोर नसताना त्या लिहीत राहिल्या. छापील कागदावर आपल्या माणसांचे जगणे नाही, ही उणीवच माणसाला लेखनाकडे ओढते, असे आम्हांस वाटते. म्हणून यादी देण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आम्हीच विचारले पाहिजे : तुमच्याकडचे काय अजून कोणी लिहिलेले नाही?