आभाळातून पडलेली बातमी

गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बू शाळेत आले. टायरचे काम करतात. एरवी मोकळेपणाने बोलणारा माणूस, त्या दिवशी मात्र खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ आमच्यापुढे धरला. जंगल, दगड, धूर आणि विमानाचे तुकडे.

"सर, आमची पोरगी पायलट होते म्हणते. आता तुम्हीच तिला समजवा. हे कालच पडलं. मुलगीच चालवत होती."

व्हिडिओ आमच्या ओळखीचा निघाला. तो कालचा नव्हता, 18 मार्च 2023 चा होता. गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचे प्रशिक्षण विमान त्या दिवशी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या जंगलात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी, दोघेही गेले. त्या वेळी हा व्हिडिओ आमच्या तीन ग्रुपांवर आला होता. खरे सांगायचे तर आम्हीही तो एकाला पुढे पाठवला होता. कुणाच्या तरी लेकीचा तो शेवट होता, हे बटण दाबताना मनात आले नाही. अल्लाह माफ करो.

"मुलगीच चालवत होती" हे अब्बूंना कोणी सांगितले? व्हिडिओखाली लिहून आले होते. अशा विमानात दोन आसने शेजारी शेजारी असतात आणि चालवायची साधने दोघांपुढेही असतात. शेवटच्या क्षणी कोणाचा हात कशावर होता, हे जमिनीवर पडलेल्या तुकड्यांचा व्हिडिओ कसे सांगणार? पण आपल्या वर्तमानपत्रांनी एक शब्द रूढ करून ठेवला आहे, 'शिकाऊ विमान'. मथळा येतो, 'शिकाऊ विमान कोसळले'. विमान कधी शिकाऊ असते का? शिकणारा माणूस असतो. मथळ्यात तो शब्द बसला की वाचणाऱ्याच्या मनात निकाल लागतो: शिकाऊ होता, चुकला, पडला. उर्दू अखबारांचीही तीच तऱ्हा.

आपल्या जिल्ह्यातला अनुभव आठवा. 2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आपल्याकडे रमजानचा चाँद दिसला होता. पहिल्या तरावीहची गडबड चालू असताना आकाशातून आगीचे लोळ जाताना साऱ्या विदर्भाने पाहिले. आमच्या मोहल्ल्यात दहा मिनिटांत बातमी पक्की झाली, विमान पडले म्हणून. किती माणसे होती तेही कोणीतरी सांगून मोकळा झाला! सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे सापडले. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही मिळाले. बातम्यांत कोणी उल्कापात म्हणाले, कोणी उपग्रह, कोणी त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटचे नाव घेतले. इस्रोची माणसे येऊन तुकडे पाहून गेली. अवकाशातल्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी ते 2021 मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे सांगितले. आज मोहल्ल्यात विचारा. निम्मे लोक अजून विमानच म्हणतील, कारण पहिल्या दिवशी तेच ऐकले.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आली की आधी तिची छाननी करा, असा हुकूम आहे. नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल. जुम्म्याच्या बयानात हे आपण अनेकदा ऐकतो. ऐकताना डोळ्यांपुढे भांडणे येतात, मोबाइल येत नाही.

आणखी एक अपघात पाहा. 26 एप्रिल 2017. पुन्हा बिरसीचेच विमान. वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला धडकून ते नदीत पडले. त्यातही प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघांचाही अंत झाला. हीच वैनगंगा पुढे आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वाहते. दुसऱ्या दिवशी फोटो आले, मृतांची नावगावे आली. पण तार तिथे कोणी लावली होती? वरून दिसावी म्हणून तिच्यावर काही खूण होती का? वैमानिकांच्या नकाशात ती होती का? विमान इतके खाली का आले? माणसे वाचतील ती या प्रश्नांच्या उत्तरांनी. आमच्या घरी येणाऱ्या दोन वर्तमानपत्रांत यांतल्या एकाचाही पाठपुरावा आमच्या वाचनात आला नाही.

तालुक्याच्या बातमीदारावर सारा राग काढण्यात अर्थ नाही. त्याला तासाभरात मजकूर पाठवायचा असतो, मोबदला किती मिळतो ते आम्ही जाणतो. आणि चांगलेही छापून येते. जुलै 2021 मध्ये शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ, सातपुड्याच्या रानात पडले. प्रशिक्षक जागीच गेले. जखमी विद्यार्थिनीला न्यायला रस्ता नव्हता, तेव्हा एका आदिवासी बाईने आपली साडी दिली आणि गावकऱ्यांनी तिची झोळी करून मुलीला बाहेर काढले. ही बातमी बातमीदारांनीच आपल्यापर्यंत पोहोचवली. ती मात्र कोणी आमच्या ग्रुपवर टाकली नाही.

विमान अपघाताचा तपास करण्यासाठी केंद्र सरकारची वेगळी यंत्रणा 2012 पासून आहे. आंतरराष्ट्रीय नियम असा की पहिला अहवाल 30 दिवसांत यावा आणि शेवटचा शक्यतो वर्षभरात. तपासाचा हेतू दोषी शोधणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, हेही त्या नियमातच लिहिलेले आहे. अहवाल इंग्रजीत असतात, पण कोणालाही वाचायला खुले असतात. मोठे विमान पडले की सारे जग त्यावर तुटून पडते. 12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचे विमान पडून 260 माणसे गेली. महिन्याने पहिला अहवाल आला, आणि त्यातल्या दोन वाक्यांवरून अमेरिकेपासून दिल्लीपर्यंत कॅप्टनकडे बोट दाखवले गेले. त्यांचे वृद्ध वडील न्याय मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले. तुमच्या मुलाला कोणी दोषी मानत नाही, असे न्यायमूर्तींना त्यांना सांगावे लागले. छोट्या विमानातल्या मुलीचे आईवडील कुठल्या न्यायालयात जातील? त्यांच्यासाठी पहिल्या दिवसाचा मथळाच शेवटचा.

हे सारे आम्ही त्या अब्बूंना एका दमात सांगितले नाही. चहा मागवला. व्हिडिओची तारीख दाखवली. त्यात धोका नाही असे आम्ही म्हटले नाही. धोका आहेच. पण आपल्या देशात वैमानिकांपैकी सुमारे 15 टक्के स्त्रिया आहेत, इतर कित्येक देशांपेक्षा जास्त. हैदराबादची सय्यदा सलवा फातिमा बेकरीत काम करणाऱ्या बापाची लेक, तीही वैमानिक झाली. तिला 'सियासत' या उर्दू दैनिकाच्या संपादकांनी मदत केली होती. अखबार असाही असतो, असे आम्ही म्हणालो तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मग मुलीला वर्गातून बोलावले. तिने व्हिडिओ आधीच पाहिला होता, चार वेळा. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"सर, ती नदीवरची तार अजून तिथंच आहे का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तपास अहवाल कुठे मिळतात तो पत्ता आम्ही तिला वहीत लिहून दिला. आता रोज मधल्या सुट्टीत शब्दकोश घेऊन ती एकेक पान लावते आहे. अडलेले शब्द आम्हाला विचारते, आणि निम्मे आम्हालाही शोधावे लागतात.

अब्बूंनी अजून हो म्हटलेले नाही. परवा टायरमध्ये हवा भरायला गेलो, तर म्हणाले, "सर, बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतातच का?"

लागतात, आम्ही म्हणालो.