पिंडाला मानवणारे काम

कला शाखेच्या विद्यार्थ्याला लग्नाच्या पंगतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : “मग, पुढे काय?” ‘बी. ए.ला आहे’ असे आपण सांगितले, की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सांत्वनाला आल्यासारखा भाव उमटतो. मग आपणही ठरावीक उत्तर देऊन मोकळे होतो : “स्पर्धा परीक्षांची तयारी चालू आहे.”

स्पर्धा परीक्षांविरुद्ध मला काहीच म्हणायचे नाही. शासनाला चांगले अधिकारी हवेतच. परंतु काही शे जागांसाठी लाखो अर्ज करणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘हे काम माझ्या पिंडाला मानवेल का?’ असे स्वतःला विचारलेले असते? पिंड हा आपल्या भाषेतला मोठा नेमका शब्द आहे. आवड काय, आज नाटकाची, उद्या क्रिकेटची. पिंड इतक्या सहजासहजी पालटत नाही. आणि गंमत अशी, की आपल्याला जे सहज जमते त्याला आपण गुण म्हणून मोजतच नाही.

विष्णु श्रीधर वाकणकर हे उज्जैनचे चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ. १९५७ साली भोपाळकडे रेल्वेने जात असताना त्यांना खिडकीतून दूरवर काही खडक दिसले. युरोपातल्या चित्रगुहांचे खडक त्यांच्या मनात होते. त्यांच्याशी या खडकांचे साम्य त्यांना जाणवले. पुढे ते तेथे गेले आणि भीमबेटकाची प्राचीन गुहाचित्रे जगापुढे आली. २००३ साली त्या स्थळाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. खिडक्या काय, गाडीला पुष्कळ होत्या! पाहणारा डोळा मात्र चित्रकाराचा होता.

“पण पोटाचे काय?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांचे चष्म्यांचे दुकान होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, अडकित्ते, भांडी त्यांनी आयुष्यभर जमवली आणि १९७५ साली हजारो वस्तूंचा तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. दुकानाने घर चालवले, संग्रहाने जीवनाला अर्थ दिला. नारायण सुर्वे मुंबईत गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. त्यांच्या १९६६ सालच्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ असे आहे, आणि ते विद्यापीठ म्हणजे त्यांचे कष्टाचे जगणे. तेव्हा पगाराचे काम आणि पिंडाचे काम एकच असले पाहिजे, हा हट्ट आपण सोडावा. मात्र दुसरे काम मुळीच नसणे, ही खरी गरिबी होय.

ही झाली थोरांची उदाहरणे. आपल्यासारख्यांनी आपला पिंड ओळखावा कसा? मला वाटते, नुसता विचार करून तो कळत नाही. तो हातात काम घेतल्यावर कळतो, आणि बहुधा आपल्याआधी दुसऱ्याला दिसतो. मी वक्तृत्व स्पर्धेत दोनदा अडखळून खाली उतरलेली मुलगी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हांला घरोघर जाऊन पाण्याची पाहणी करायची होती. एका आजींच्या ओसरीवर मी तासभर बसले. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, सासुरवाशिणी पाण्याला किती लांब जात, सारे त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. रात्री वह्या तपासताना सर म्हणाले, “इतरांच्या वहीत आकडे आहेत, तुझ्या वहीत गाव आहे.” मला बोलता येत नाही एवढेच मला माहीत होते. ऐकता येते, हे त्या दिवशी कळले.

माझ्यापुरते सांगायचे, तर घरून मला आणखी एक वर्ष मिळाले आहे. त्यानंतर नोकरी, नाहीतर लग्न. अप्पांना दोष देणार नाही, त्यांच्यामागे धाकटी दोन आहेत. मी परीक्षेला बसणार आहे. पण ऐकण्याचे आणि टिपण्याचे काम मी आता सोडणार नाही, मग पगार कोणत्याही कचेरीतून येवो.

मित्रमैत्रिणींनो, ग्रंथालय, भित्तिपत्रक, स्नेहसंमेलन, शिबिर ही सारी स्वतःला अजमावून पाहण्याची ठिकाणे आहेत, आणि येथे चुकले तरी कोणाचा पगार कापला जात नाही. आणि गुरुजनांना एक नम्र विनंती. उत्तरपत्रिकेवर गुण आपण देताच. विद्यार्थ्याच्या अंगचा एखादा गुण दिसला, तर तोही एका वाक्यात सांगत जा. ते वाक्य त्याला गुणपत्रिकेपेक्षा जास्त दिवस पुरेल.