ससा, कासव आणि शेजाऱ्यांचं लॉन

मंडळी, हेअरकट बिघडला तर चार दिवस टोपी घालून ऑफिसला जाता येतं. पण अर्ध्या एकराच्या लॉनचा हेअरकट बिघडला तर काय करायचं? आणि त्यातून ते लॉन आपलं नसेल, मशीनही आपलं नसेल तर?

झालं असं... आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी या गावात. शेजारी एक आजोबा एकटेच राहतात. एप्रिलमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "लॉनची काळजी करू नका, मी कापत जाईन." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि गॅरेजची किल्ली हातावर ठेवली. आत होतं त्यांचं लाडकं रायडिंग मोअर. छोटा ट्रॅक्टरच म्हणा ना! वर बसायचं, स्टिअरिंग फिरवायचं. पोटाखाली एक पसरट लोखंडी डबा असतो, त्याला डेक म्हणतात. त्यात दोन पाती गरगर फिरून गवत कापतात.

सांगलीला बाबांना व्हिडीओ कॉलवर दाखवलं, तर ते म्हणाले, "अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. वीस गुंठ्यांत पीक काय, तर गवत! आणि तेही कापून टाकून द्यायचं?"

पहिले दोन शनिवार एकदम मस्त गेले. कानात गाणी, डोक्यावर कॅप, मी म्हणजे अगदी शेतकरीण नंबर वन! तिसऱ्या शनिवारी कोपऱ्यातल्या झाडाच्या जुन्या खुंटाजवळ खालून 'ठक्क' असा आवाज आला. मशीन चालूच राहिलं. मग मीही चालूच राहिले.

काम संपवून मागे वळून पाहिलं, तर लॉनवर पायऱ्या! एक पट्टा आखूड, शेजारचा लांब, मधेच केसांच्या शेंडीसारखे उभे राहिलेले तुरे. नापासांची प्रगतिपुस्तकं पालकांपासून लपवतात ना, तसं ते अख्खं लॉन लपवावंसं वाटलं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना फोन लावला. पहिला प्रश्न, "कशाला ठोकलीस का गं?"

"छे हो बाबा!"

"बरं. मग आधी हवा बघ."

हवा बघितली. या मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे पुढच्या चाकांत १४ आणि मागच्या चाकांत १० पीएसआय हवा हवी. मागचं उजवं चाक निघालं ६ वर! एक चाक बसलं की मशीन तिकडे झुकतं, डेकही झुकतो आणि त्या बाजूचं गवत जास्त खोल कापलं जातं. हवा भरली. पायऱ्या बऱ्याचशा गेल्या. तुरे मात्र जिथल्या तिथे!

मग वाटलं, डेकखाली कचरा अडकला असेल. इथून पुढचं नीट वाचा हं. मशीन बंद, किल्ली खिशात, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला आणि हातात जाड हातमोजे. हे चारही झाल्याशिवाय पात्याच्या जवळपासही हात न्यायचा नाही. आत ओल्या गवताचा वाळून कडक झालेला थर होता, शेणाने सारवल्यासारखा. सकाळी दव असताना कापायची माझी हौस! असा थर साचला की डेकमध्ये हवा नीट खेळत नाही, गवताची पाती ताठ उभी राहत नाहीत आणि काही कापायचीच राहून जातात. लाकडी पट्टीने खरवडून काढला.

तिसरी चूक तर फारच गमतीची. थ्रॉटलच्या दांड्याशेजारी दोन चित्रं असतात, वर ससा आणि खाली कासव. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून मी दांडा मधेच ठेवायची. पण इंजिन मंद झालं की पातीही मंदावतात आणि गवत कापण्याऐवजी नुसतं वाकवतात. शिवाय लवकर आटपावं म्हणून गाडी मात्र भरधाव! असायला हवं बरोब्बर उलटं. इंजिन सशासारखं आणि चाकं कासवासारखी. लहानपणी गोष्टीचं तात्पर्य पाठ करूनही ऐन वेळी उपयोग झाला नाही बघा.

एवढं सगळं केलं, तरी उजव्या बाजूला तुरे येतच होते. मग ड्राइव्हवेच्या सपाट काँक्रीटवर मशीन उभं करून डेकची लेव्हल मोजली. पाती आडवी ठेवून दोन्ही बाजूंची बाहेरची टोकं जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजायचं. फरक ३ मिलिमीटरच्या आत असला तर ठीक. मग पाती उभी फिरवून पुढचं आणि मागचं टोक मोजायचं. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते १० मिलिमीटर खाली असायला हवं, म्हणजे तेच गवत दोनदा कापलं जात नाही. डावीकडचं माप चोख. उजवीकडचं मात्र एकदा जुळायचं, एकदा नाही.

आता खरं सांगू? मला पहिल्यापासून माहीत होतं. त्या 'ठक्क'पासून!

उजवं पातं हाताने अर्धा फेरा फिरवलं आणि त्याच जागी दुसरं टोक मोजलं. एक टोक ७६ मिलिमीटरवर, दुसरं ६४ वर. एकाच पात्याच्या दोन टोकांत १२ मिलिमीटरचा फरक! पातं वाकलं होतं. वाकलेलं पातं हातोडीने ठोकून सरळ करायचं नसतं. पोलाद कमजोर झालेलं असतं आणि वेगात फिरताना तुकडा उडू शकतो. सरळ बदलायचं. खरं तर खुंटाला आपटल्याक्षणीच मशीन बंद करून बघायला हवं होतं. मी गाण्याचा आवाज वाढवला होता.

गुपचूप नवं पातं आणून बसवावं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू! पण वाकलेल्या पात्याबरोबर ज्या दांड्यावर ते फिरतं तो दांडाही वाकलेला असू शकतो. ते मला कळलं नसतं आणि पुढच्या महिन्यात आजोबा स्वतः त्यावर बसले असते. गुपचूपपणा तिथेच संपला.

संध्याकाळी केक वगैरे न नेता नुसतीच गेले. सगळं सांगितलं, तीन आठवड्यांची लपवाछपवीही. आजोबा शांतपणे म्हणाले, "त्या खुंटावर मी दोनदा आपटलोय. गॅरेजमध्ये डावीकडच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये बघ." ड्रॉवरमध्ये नव्या पात्यांची जोडी होती!

दुसऱ्या दिवशी ते वॉकर घेऊन ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसले आणि मी त्यांच्या सूचनांवर पाती बदलली. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिला आहे तितकाच घट्ट केला. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा माप. दोन्ही टोकं सारखी! दांडा शाबूत होता. तिथेही फरक आला असता तर मशीन मेकॅनिककडे गेलं असतं आणि बिल माझ्याकडे.

ऑफिसात आपण बग शोधतो तेव्हाही हेच करतो ना? सगळं तपासतो. सर्व्हर, नेटवर्क, दुसऱ्या टीमचा कोड. शुक्रवारी घाईघाईत आपण स्वतः केलेला तो छोटासा बदल मात्र सगळ्यात शेवटी. बरं, वाटेत हवा, कचरा, थ्रॉटल या खऱ्याखुऱ्या चुका सापडत जातात, त्यामुळे आपण प्रामाणिकपणे शोधतोय असंही वाटत राहतं.

खुंटाशेजारी आता मी लाल झेंडा रोवलाय. रात्री बाबांनाही फोन करून कबूल केलं. ते म्हणाले, "अगं, वर्कशॉपमध्ये तीस वर्षं ड्रायव्हर लोक मला 'छे हो' म्हणायचे. तुझं 'छे' ऐकलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"हवा तर कमी होतीच ना!"