कोळसा सुटेल, तांब्याचे काय?

मुंबई : देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा जून २०२५ मध्ये निम्म्यावर पोहोचला. पॅरिस करारान्वये २०३० साठी ठरविलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठल्याबद्दल सरकारी पातळीवर समाधान व्यक्त झाले, ते योग्यच. मात्र २०२४-२५ मध्ये देशातील कोळशाचे उत्पादनही १०० कोटी टनांपलीकडे गेले, ही बाब त्या समाधानात झाकोळली. नवे आले, पण जुने गेले नाही.

वास्तविक सौरऊर्जेचा हिशेब फायद्याचाच आहे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज देतो. तेवढ्या विजेसाठी औष्णिक केंद्रात सुमारे एक हजार टन कोळसा जाळावा लागतो, आणि तोही दरवर्षी. सौर प्रकल्पाला काच, पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे, काँक्रीट मिळून काहीशे टन साहित्य लागते. परंतु ते एकदाच, पुढील २५ वर्षांसाठी. कोळशाची राख उरते, धातू मात्र वितळवून पुन्हा वापरता येतो. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा वाटा कोळशाचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचा आवाका कळतो.

पेच आहे तो मालाच्या वजनाचा नव्हे, मालकीचा. कोळसा चंद्रपुरात, झारखंडात मिळतो. लिथियम, कोबाल्ट, निकेल यांसाठी परदेशाकडेच पाहावे लागते. तांबे निर्यात करणारा भारत तुतिकोरिनचा कारखाना २०१८ मध्ये बंद झाल्यानंतर आयातदार बनला. विजेवरील मोटारीला पेट्रोलच्या मोटारीपेक्षा सहापट खनिजे लागतात (यात पोलाद व ॲल्युमिनियम धरलेले नाही), असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्येच सांगितले होते. त्याची झळ एप्रिल २०२५ मध्ये बसली. चीनने दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर निर्यात निर्बंध घातले आणि विजेवरील दुचाकी बनविणाऱ्यांची धावपळ उडाली. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने १६,३०० कोटी रुपयांचे महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर केले होते. पण खाण काही फाइलीवरील सहीने सुरू होत नाही.

तंत्रज्ञानाने साहित्य वाचते, यावरही फार विसंबता येत नाही. यंत्रे काटकसरी झाली की इंधनाचा खप घटण्याऐवजी वाढतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाबाबत दाखवून दिले होते. ज्या देशात बहुसंख्य घरांत अद्याप वातानुकूलन यंत्र पोहोचलेले नाही, तेथे तर हा धोका अधिकच.

अशा वेळी भंगार हीच घरची खाण ठरू शकते. ई-कचरा नियम, २०२२ मध्ये सौर पॅनेलांचा समावेश झाला खरा. परंतु उत्पादकांनी हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवावा, यावरच तूर्त भागविण्यात आले आहे. राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्ये सुरू झाले. त्यातील पहिल्या पॅनेलांची २५ वर्षेही नेमकी त्याच सुमारास भरतात.