वटवाघूळ उपद्रवीच का?

चिकू-पेरूच्या बागवाल्याला वटवाघळाचे कौतुक सांगायला गेलात तर तो काठीच घेऊन उठेल. कायदाही बरीच वर्षे त्याच्याच बाजूचा होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली; १ एप्रिल २०२३ पासून बदल लागू झाला. गावातली समजूत मात्र तीच राहिली. वडिवळे, नाणे मावळातल्या शेतकरी बंधूंनी हा हिशेब एकदा दुसऱ्या बाजूनेही मांडून पाहावा.

मावळच्या रानातला टेटू घ्या. दशमुळातले हे झाड, तलवारीसारख्या लांब शेंगांचे. त्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडतो. रंग मळकट, वास उग्र. आपल्याला नकोसा वाटणारा हा वास वटवाघळाला अंधारात वाट दाखवतो. फुलेही पानांच्या वर, उंच दांड्यावर. पंख अडकायला नकोत. फुलाला लटकून वटवाघूळ आतला मध चाटते, तेव्हा अंगाला पराग चिकटतात. एका फुलावर पोट भरत नाही, म्हणून ते झाडामागून झाड हिंडते. टेटूला स्वतःच्या परागाने शेंग धरत नाही, असे थायलंडमधल्या अभ्यासात दिसले. म्हणजे दुसऱ्या झाडाचा पराग हवा आणि तो आणणाराही हवा. सावरीच्या फुलांवर दिवसा पक्षी येतात, रात्रपाळी वटवाघळाची.

आता भीतीचे. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. २०२१ मध्ये ते जाहीर झाले. काळजी घ्यावीच. उष्टे फळ खाऊ नका, पडलेल्या वटवाघळाला हात लावू नका. पण गुहेत धूर करणे, वस्तीचे झाड तोडणे हा उपाय नव्हे. हुसकलेला थवा उद्या दुसऱ्या वाडीत जाऊन बसेल.

बागवाल्यांनी फळे पाडाला लागताच उतरवावीत, राहिलेल्यांवर जाळी ताणून बांधावी. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील गावच्या नोंदवहीत टेटू, सावर आणि वटवाघळांच्या वस्तीची झाडे लिहून घ्यावीत. औषधाला साल-मुळे लागतात म्हणून टेटूवर कुऱ्हाड पडतेच आहे. त्यात रात्रीचा हा गडीही हाकलला, तर उरलेल्या झाडांना शेंग धरणार कशी?